म्हादूच्या वाटणीचं दूध

माझ्या भावाच्या वाटणीचं दूध दुसऱ्याच्या पोराला गेलं, हे वलवण गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यात वावगं काही आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. उलट आईचं नशीब फळफळलं, असं बायका पाणवठ्यावर म्हणायच्या. बंगल्यात राहायचं, तुपातलं खायचं, अंगाला ना ऊन ना चिखल. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन. हंडा भरता भरता मी हे ऐकायची, आणि काखेतल्या म्हादूची मान हंड्यावर आपटू नये म्हणून ती हातानं सावरून धरायची. त्याची मान फार उशिरापर्यंत धरली नव्हती.

धरणाच्या पाण्यात आमची भाताची खाचरं गेली तेव्हा मी रांगत होते, त्यामुळे त्या शेताची मला काही आठवण नाही. आठवतो तो बा, संध्याकाळी पाण्याच्या काठाशी उभा राहून "हितं बांध व्हता, तितं आंबा व्हता" असं दाखवणारा. शेत गेल्यावर तो लोणावळ्याच्या ठेसनावर हमाली करायला लागला. मुंबईची बडी माणसं हवा पालटायला यायची, त्यांच्या ट्रंका डोक्यावर घेऊन बंगल्यापर्यंत पोचवायच्या. आमचं घर एका खोलीचं, कुडाच्या भिंतीचं. पहाटे आईचं जातं सुरू व्हायचं आणि त्याच वेळेला घाट चढणाऱ्या गाडीला मागून रेटणारं इंजिन धापा टाकायला लागायचं. दोन्ही आवाज एकमेकांत असे मिसळून जायचे, की मला लहानपणी वाटायचं, आई जात्यावर बसली म्हणूनच गाडी वर येते. खाणं म्हणजे नाचणीची भाकरी, वरीचा भात, पावसाळ्यात ओढ्यातले खेकडे आणि कुरडूची भाजी. पोट भरायचं. म्हादू जन्मला तेव्हा तो चांगला वाटोळा होता. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढं लोक म्हणायला लागले की हे पोर मूळचंच किडकं.

तो तीन महिन्यांचा असताना बा एका बंगल्यावरून निरोप घेऊन आला. मुंबईच्या एका वकिलांचा तो बंगला. त्यांची बायको, जिला सगळे धाकट्या बाई म्हणायचे, बाळंतपणानंतर तापानं खंगली होती. तिला डोंगरातली हवा सांगितली होती म्हणून बाळाला, अरविंदला, घेऊन ती इथंच राहिली होती. तिच्या अंगावर दूध उरलं नव्हतं. घराचा कारभार सासूच्या, म्हणजे थोरल्या बाईंच्या हातात. त्यांना अंगावर पाजणारी बाई हवी होती, निरोगी, शेतकऱ्याच्या घरातली. बानं चुलीपुढं बसून हे सांगितलं आणि आई काही बोलायच्या आत म्हणाला, "मी व्हय म्हनून आलोय." आईनं विचारलं, "आन म्हादू?" बा म्हणाला, "पारू हाय की." पारू म्हणजे मी.

मी गावच्या शाळेत दुसरीत होते. आमच्या आळीतली शाळेत जाणारी एकटीच मुलगी, आणि मास्तर माझ्याकडून मोठ्यानं धडा वाचून घ्यायचे. दुसऱ्या दिवशीपासून माझी पाटी आढ्याला खोचली गेली आणि म्हादू माझ्या काखेत आला.

थोरल्या बाईंची अट अशी होती, की आईनं बंगल्यातच राहायचं आणि आपलं पोर अंगाला लावायचं नाही. दूध वाटलं की पातळ होतं, असं त्या म्हणत. आईला त्या समोर बसवून खायला घालत. अळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, शतावरी घातलेलं दूध, वर साजूक तूप. आई लाडूतला तुकडा पदराआड करायला लागली तेव्हापासून तिनं खाऊन उठल्यावर पदर झटकून दाखवायचा, अशीही शिस्त लागली. हे सगळं आई मला पुढं एकदाच बोलली, आणि बोलताना हसली. मला ते हसणं अजून सहन होत नाही. बाजाराच्या दिवशी बंगल्याच्या मागच्या फाटकाशी मी म्हादूला घेऊन जायची. आई आतून बघायची, मी बाहेरून दाखवायची. थोरल्या बाई ओसरीवर बसलेल्या असायच्या.

म्हादूला मी पेज पाजत होते. पहिल्यांदा तो पेज थुंकायचा आणि माझ्या सपाट छातीशी तोंड न्यायचा. पुढं शिकला. आमच्या शेजारी हमीदामावशी राहायची. तिचा नवरा लोणावळ्याच्या बाजारात शिवणाचं मशीन घेऊन बसायचा, आणि तिच्या दारात एक शेळी होती. एके दिवशी तिनं म्हादूला माझ्याकडून घेतलं, त्याचे हात-पाय चाचपले आणि म्हणाली, "पारे, नुसत्या पेजंवर पोर जगतं व्हय? रोज सकाळी वाटी घिऊन येत जा." मी जायची. तिनं कधी त्याचा उच्चार केला नाही आणि माझ्या बाला तर कळूही दिलं नाही. म्हादू जगला तो त्या शेळीमुळे. पण शेळी आटली की वाटी रिकामी, आणि शेळी आटली ती नेमकी श्रावणात.

आता आमच्या गावात अंगणवाडीच्या बाई पोरांना काट्याला टांगून वजन करतात आणि आयांना समजावून सांगतात, की पहिल्या वर्षात जे चुकलं ते पुढं कितीही खाऊ घातलं तरी पुरतं भरून येत नाही. परवा माझ्या भाच्याच्या नातीला नेलं होतं तेव्हा मी ते ऐकलं. बाई नवी होती, मन लावून सांगत होती. मी तिला म्हटलं, "मला हे सांगू नकोस. मला हे तुझ्या आजीच्या जन्माआधीपासून माहीत आहे."

त्या श्रावणात म्हादूला ताप भरला. दोन दिवस त्यानं पेजही घेतली नाही. बा ठेसनावर गेला होता. हमीदामावशी म्हणाली, "आईच्या अंगाला लाव, एवढंच आता ऱ्हायलंय." मी त्याला घोंगडीत गुंडाळलं आणि पावसातून बंगल्यावर गेले. मागच्या दारी थोरल्या बाई आल्या. उंबऱ्याच्या आतच उभ्या राहिल्या.

मी म्हटलं, "आईला जरा बोलवा. एक डाव पाजू द्या. लय ताप हाय त्याला."

"तापाचं पोर घेऊन इथं आलीस?" त्या म्हणाल्या. "आमच्या बाळाला लागलं म्हणजे? मागं हो आधी."

"एकच डाव."

"तुझ्या आईला आम्ही कशासाठी ठेवलंय? जा. पेजेत मीठ-साखर घालून दे." मग त्या आत गेल्या. मला वाटलं, आईला आणायला गेल्या. त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात लोकरीचं टोपडं होतं. "हे घे. अरविंदला आता होत नाही. याला घाल, डोकं गरम राहील." आणि दार लावून घेतलं.

वाटेत एका झाडाखाली थांबून मी ते टोपडं म्हादूला घातलं. त्याचं डोळ्यांपर्यंत सगळं तोंड आत गेलं. अरविंद त्याच्यापेक्षा दोन महिन्यांनी लहान होता, त्याला घट्ट झालेलं टोपडं माझ्या भावाला गळ्यापर्यंत येत होतं. तोवर मी फक्त दमले होते, भ्याले होते. त्या झाडाखाली पहिल्यांदा मला राग आला. मी ते टोपडं काढून धरणाच्या पाण्यात फेकलं, आणि ठरवलं की या बाईला मी सोडणार नाही. काय करणार ते ठाऊक नव्हतं. पण लहान पोरांचा राग लगेच विरतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी माझ्याकडे बघावं.

म्हादूचा ताप आपोआप उतरला. पण त्यानंतर त्याच्या पायांत जोरच राहिला नाही. पोट पुढं आलं, बरगड्या मोजाव्यात अशा झाल्या, नडग्या वाकायला लागल्या. मुडदूस झालाय, असं म्हाताऱ्या म्हणाल्या. आईला त्या दिवशी पोराचं रडणं आत ऐकू गेलं होतं. माजघराच्या दाराला बाहेरून कडी होती.

माघात अरविंद वर्षाचा होणार होता. बा एका संध्याकाळी खुशीत घरी आला आणि म्हणाला, "बंगल्यावर नवस फेडायचाय. बाळाला गुळानं जोखनार हायेत. बाजारातला थोरला तराजू मलाच न्यायला सांगितलाय. गावातल्या समद्या पोरास्नी गूळ वाटनार. तू बी जा." भाकरी थापत होते, थापत राहिले. पण माझ्या मनात लख्ख उजेड पडला. दुसऱ्या दिवशी मी किराणा दुकानात जाऊन उगाच उभी राहिले आणि वाणी धान्य जोखतो कसं, कुठलं पारडं केव्हा खाली येतं, ते नीट बघून घेतलं.

नवसाच्या दिवशी बंगल्याच्या अंगणात मांडव होता. मुंबईहून पाहुणे आले होते, जरीच्या साड्या, पगड्या, कोट. आम्ही गावची पोरं एका कडेला रांगेत बसलो होतो. मांडवाच्या तुळईला तराजू टांगला होता आणि शेजारी बा गुळाच्या ढेपा रचून उभा होता, डोक्याला नवा पटका बांधून. आई नव्या लुगड्यात, अरविंदला मांडीवर घेऊन बसलेली. ती भरली होती, उजळली होती. मला ती ओळखीची वाटेना. भटजींनी सांगितलं तसं तिनं उठून अरविंदला गादी घातलेल्या पारड्यात बसवलं. ते पारडं जमिनीला टेकलं आणि दुसरं, रिकामं, माझ्या छातीइतकं वर गेलं. भटजी मंत्र म्हणत होते. अरविंद पारड्याच्या साखळ्या धरून हसत होता. गुटगुटीत पोर होतं, गालांना खळ्या पडायच्या. त्याचा दोष नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं आणि त्यानं काही फरक पडत नव्हता.

मी उठले. म्हादूचं अंगडं काढलं. कमरेच्या काळ्या करदोड्याशिवाय त्याच्या अंगावर काही राहिलं नाही. मी चालत मांडवात गेले आणि त्याला उचलून त्या वरच्या पारड्यात ठेवलं.

पारडं जरा हललं आणि होतं तिथंच राहिलं.

मंत्र थांबला. म्हादू तिथं वर, आपल्या वाकड्या पायांवर हात ठेवून, सगळ्यांकडे टकमक बघत बसला. एवढ्या माणसांत ढेपेवर बसलेल्या माश्यांचा आवाज येत होता.

थोरल्या बाई पुढं आल्या. "कुणाचं हे पोर? काय चाललंय हे?"

मी त्यांच्याकडे बघितलं नाही. पाहुण्यांकडे तोंड करून बोलले. शाळेत धडा वाचायची तशी, मोठ्यानं आणि सावकाश. "ह्यो माजा भाऊ म्हादू. अरविंदापरीस दोन म्हयन्यांनी थोरला हाय. ह्याच्या वाटनीचं दूध त्यो प्यालाय. गूळ कशाला लावता? ह्यालाच जोखा."

एक म्हातारे पाहुणे खुर्चीतून अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. धाकट्या बाई दारात उभ्या होत्या, त्यांनी तोंडावर पदर घेतला. पाहुण्यांतली एक बाई दुसरीला हळू आवाजात विचारत होती, "म्हणजे हिचंच का ते पोर?" थोरल्या बाईंचा चेहरा कसा झाला, हे मी सत्तर वर्षं जपून ठेवलं आहे. राग नव्हता तो. आपल्याच माणसांपुढं उघडं पडल्यावर जो रंग उडतो, तो उडाला होता. मला तेवढंच हवं होतं.

बा धावत आला. त्यानं मला एक थोबाडीत दिली आणि हात जोडून थोरल्या बाईंपुढं वाकला. "पोरीचं चुकलं, मायबाप. अडानी हाय." माझा गाल भणभणत होता, पण मी आईकडे बघत होते. आवाजानं घाबरून म्हादू रडायला लागला, आणि आईच्या नव्या चोळीवर, मी बघता बघता, दोन ओले डाग पडले आणि पसरत गेले. सगळ्यांना ते दिसले. आई पुढं आली, म्हादूला पारड्यातून उचललं, आणि तिथंच बंगल्याच्या पायरीवर बसून सगळ्यांसमोर त्याला पदराखाली घेतलं.

म्हादूनं तोंड फिरवलं. त्याला ते काय आहे हेच ठाऊक नव्हतं. आई पुन्हा पुन्हा त्याचं डोकं वळवत होती आणि तो माझ्याकडे हात करून ओरडत होता. तिकडे पारड्यात अरविंदही आईकडे हात करून रडत होता. आईनं एकदा तिकडे बघितलं. मग म्हादूला खांद्यावर टाकून ती फाटकाकडे चालू लागली. मागून थोरल्या बाई म्हणत होत्या, "गेलीस तर पुन्हा पायरी चढायची नाही." आई थांबली नाही. मी तिच्या मागे चालले होते, आणि जन्मात पुन्हा कधी मला इतकं चांगलं वाटलेलं नाही.

घरी आई वाटीत दूध काढायची आणि मी पळीनं म्हादूला पाजायची, कारण तो फक्त पळीनंच प्यायचा. बा आठवडाभर आमच्याशी बोलला नाही. त्याचं बंगल्याचं काम गेलं. मी त्याला कधी माफ केलं नाही. तो थकल्यावर त्याला जेवायला वाढलं, त्याचं दुखणं काढलं, पण माफ केलं नाही.

चार-पाच दिवसांनी आमच्या दारात टांगा थांबला. धाकट्या बाई उतरल्या. इतक्या अशक्त, की टांगेवाल्याचा हात धरूनच त्या उंबऱ्यापर्यंत आल्या. उंबऱ्यावर मी बसले होते.

"चंद्रा," त्या आईला म्हणाल्या, "बाळ काही खात नाही गं. झोपत नाही. तुझं लुगडं दिलं तर ते धरून पडतो. तू चल. तुझ्या मुलालाही घेऊन चल. सासूबाईंना मी बघेन."

आई उठून उभी राहिली. तिचे हात मला दिसत होते, ते पदराशी चाळा करत होते. ती गेली असती. मला आजही खात्री आहे, ती गेली असती. त्या पोरावरही तिचा जीव जडला होता, आणि थोरल्या बाईंचा तो गुन्हा मी सगळ्यांत मोठा मानते. त्यांनी दूध तर घेतलंच, वर आईच्या मनाचेही दोन भाग केले.

मी उंबऱ्यावरून उठले नाही. म्हटलं, "पेज पाजा त्याला. मीठ-साखर घालून. थोरल्या बाईंनीच सांगितलंय मला."

धाकट्या बाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्या वाईट नव्हत्या. आई माझ्या मागे उभी होती, आणि माझ्या अंगावरून ओलांडून ती बाहेर पडली नाही. टांगा वळला. पुढं ऐकलं की ती मंडळी बंगला बंद करून मुंबईला गेली.

आई घरी आली आणि मी शाळेत परत गेले. मागे पडले होते, ते चिडून भरून काढलं. अभ्यासाची आवड वगैरे लोक सांगतात, मला ती नव्हती. मला त्या बाईपेक्षा वरचढ व्हायचं होतं. सातवीची फायनल परीक्षा पास झाले, सुदुंबऱ्याच्या शाळेत मास्तरीण झाले. मध्ये लग्न झालं, ते टिकलं नाही. त्यावर लिहिण्यासारखं फारसं नाही. म्हादूला दूध मिळालं, अंडी मिळाली, पण हाडं एकदा वाकली ती वाकलीच. अक्षर त्याच्या ध्यानात राहायचं नाही. हमीदामावशीच्या नवऱ्यानं त्याला मशीनवर बसवलं. बसून करायचं काम होतं, त्याला जमलं. तो उत्तम शिंपी झाला, त्याचं लग्न झालं, पोरं झाली. आपल्याला कुणी काही कमी केलं, असं तो कधी म्हणाला नाही. त्याच्या वाटचं मी म्हणते.

मी तिशी ओलांडल्यावरची गोष्ट. सुट्टीत घरी आले होते. दुपारी दारात मोटार थांबली आणि पांढऱ्या पाटलोणीतला एक तरुण उतरला. सरळ पाय, रुंद खांदे, एकसारखे दात. दाराची चौकट आमच्या मापाची होती, त्याला मान वाकवून आत बघावं लागलं.

"चंद्राबाई इथं राहतात ना?" त्यानं नम्रपणे विचारलं. "मी अरविंद. लहानपणी त्यांनी मला सांभाळलं. माझी आई गेल्या महिन्यात गेली. जाताना म्हणाली, एकदा चंद्राला भेटून ये, तिचं ऋण आहे." त्याच्या हातात लुगड्याची घडी होती.

आई आतल्या अंगाला, कुडापलीकडे तांदूळ निवडत बसली होती. सुपाचा आवाज थांबला होता.

मी म्हटलं, "ती वारली."

त्यानं विचारलं, "केव्हा?" मी म्हटलं, "बरीच वर्षं झाली." त्याचे डोळे भरून आले. लुगडं त्यानं पुढं केलं, मी हात पुढं केला नाही. त्यानं वाकून मला नमस्कार केला आणि गेला. मला पस्तावा झाला नाही. अजूनही होत नाही. लोक म्हणतात, वय झालं की राग निवतो. माझा निवला नाही, विरजण लागावं तसा घट्ट झाला.

मोटारीचा आवाज पार विरला. मी आत गेले तेव्हा सूप तिच्या मांडीवर होतं आणि बोटं तांदळात तशीच रुतलेली होती.

"लय उंच झालाय का गं?" तिनं विचारलं.

"व्हय," मी म्हटलं. "म्हादूपरीस हातभर."

तिनं मान हलवली आणि खडे वेचायला लागली.